जड धातूचं नाव

"बाबा, आम्हाला एक नाव हवंय," असं मुलगी म्हणाली, तेव्हा वेलांटीकाकांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी झालीच नाही. एका गालाला फेस तसाच ठेवून ते खिडकीपाशी गेले आणि समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे वीस मिनिटं पाहत राहिले. चहा गार होतोय म्हणून काकूंनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही, स्वतःच पिऊन टाकला.

वेलांटीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे मजकूर छापण्याआधी त्यातल्या चुका हुडकून लाल शाईनं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं हा उद्योग केल्यावर माणसाचा हात घरी आला तरी कामावरच असतो. इमारतीच्या फलकावर कुणी 'उद्या पाणि येणार नाही' असं लिहिलं, की संध्याकाळपर्यंत तिथे लाल रंगाची दीर्घ वेलांटी उगवायची. पाणी तरीही यायचं नाही, पण जे यायचं नाही ते शुद्ध असायचं. काकांच्या खिशात एक छोटी वहीसुद्धा असे. तिच्यावर 'अपवाद' असं लिहिलेलं होतं आणि शुद्धलेखनाच्या नियमांना काकांनी स्वतः मान्य केलेले अपवाद तिच्यात होते. एकतीस वर्षांत नऊ झाले होते. काका सहजासहजी विरघळणारे नव्हते.

हाच हात दोन वर्षांपूर्वी नडला. मुलीनं पहिलं गाणं लिहिलं आणि भीतभीत बाबांना वाचायला दिलं. काकांनी ते रात्रीच्या जेवणाआधी परत केलं, सतरा दुरुस्त्यांसह. मुलीनं कागदाची चौपदरी घडी घातली, "बरं" म्हणाली, आणि त्यानंतर घरात लेखी स्वरूपाचं काहीही काकांच्या नजरेला पडू दिलं नाही. किराणा मालाची यादीसुद्धा ती तोंडी सांगायची. गाणं कसं होतं, हे सांगायचं काकांच्या तेव्हा डोक्यातच आलं नाही. आलं ते तिसऱ्या दिवशी, आणि तोवर तिनं खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून, दार लावून, आत तीन मित्रमैत्रिणींसह गर्जना सुरू केली होती. बंद दारावर टकटक करून "छान होतं हं" म्हणायला वेळ नेमकी कोणती, हे काकांना दोन वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

म्हणून हे नाव म्हणजे नुसतं नाव नव्हतं. दार किलकिलं झालं होतं, आणि या खेपेला काकांना त्यात बोट चेमटवून घ्यायचं नव्हतं.

हकिगत अशी होती. मुलगी दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांना 'खालची ओळ वाचा' असं हळुवार आवाजात सांगायची आणि संध्याकाळी तिच्या बँडमध्ये गायची. शहराच्या सभागृहात नव्या कलाकारांना एक संध्याकाळ मोकळी मिळणार होती, पण बिननावाच्या गटाचा अर्ज घेत नव्हते, आणि शुक्रवार ही शेवटची तारीख. नावावरून हा बँड पाच महिन्यांत दोनदा मोडला होता. ड्रम वाजवणारा औषधांच्या दुकानात कामाला होता आणि त्यानं निक्षून सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा मोडला तर तो कायमचा मोडला.

"नाव कशा तऱ्हेचं हवं?" काकांनी विचारलं.

"मेटल आहे, बाबा. हेवी मेटल. ऐकणारा जरा दचकला पाहिजे."

काकांनी मान डोलावली. आयुष्यात त्यांना स्वतःला दचकवणारी गोष्ट एकच होती, पुस्तक छापून झाल्यावर सापडलेली चूक. ती काही नाव म्हणून देता येत नव्हती.

छापखान्यात त्या आठवड्यात बागकामप्रेमी संघाची स्मरणिका चालू होती. दुपारची वेळ, पंख्याची घरघर, समोर 'कुंडीतील गुलाबाची निगा' हा नऊ पानी लेख. चौथ्या पानावर काकांच्या डोळ्यांपुढची अक्षरं सैल झाली, ओळी पाण्यावर पडल्यासारख्या डुलायला लागल्या आणि कलम कसं करावं या परिच्छेदाच्या मागून धूर येऊ लागला. धुरातून चार धिप्पाड माणसं आली. त्यांच्या अंगावर स्वयंपाकाचे एप्रन होते. हा 'काळा कुकर' होता. त्यांचं प्रत्येक गाणं तिसऱ्या शिटीला संपायचं आणि वाफ जाईपर्यंत कुणी टाळी वाजवायची नाही असा दंडक होता. काकांनी समाधानानं समासात नाव टिपून घेतलं.

ते गेले तसे 'गंजलेले जावई' आले. त्यांना कितीही आग्रह केला तरी ते खुर्चीवरून उठून माइकपाशी यायला तयार नव्हते, सगळा कार्यक्रम रुसण्यातच गेला. मागोमाग 'भीषण भाचे' आले, तेही सुट्टीभर राहण्याच्या तयारीनं. 'नरकातील नळदुरुस्ती' हा बँड पाच वाजता येतो म्हणून आलाच नाही, नुसता त्यांचा पाना स्टेजवर पडून होता आणि प्रेक्षक बादल्या घेऊन बसले होते. मग हळूच दिवे मंद झाले आणि एकट्या 'मरणोत्तर मावशी' आल्या. त्यांचा आवाज पाताळातून यायचा, पण गाणं मधेच थांबवून त्या पहिल्या रांगेतल्या एकाला "किती रे वाळलास" म्हणाल्या. काकांना भरून आलं. हाताला लागेल त्या पानाच्या समासात त्यांनी तेही टिपलं, आणि 'रक्ताळलेला रुमाल' असं आणखी एक, जरा वजन यावं म्हणून.

संध्याकाळी मुलीनं यादी वाचली. वाचताना तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, तो काकांनी बरोबर पाहिला.

"बाबा, छान आहेत," ती म्हणाली. "पण यांना बघून कुणी दचकणार नाही. हे लोक घरी चहाला येतील."

ती खोलीत गेली. दार लागलं, पण आज ते हळू लागलं, असं काकांना वाटलं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, दार रोज असंच लागतं, बिजागरीला तेल घातलंय.

घरात नाव शोधणं चालू आहे ही बातमी इमारतीत फुटली. कशी फुटली हे कळलं नाही. काकांनी जिन्यात भेटलेल्या फक्त सहा जणांना सांगितली होती. तळमजल्यावरच्या दंतवैद्यानं काकांना दरवाजातच गाठलं. "मी तयार नाव देतो, 'रूट कॅनल'," तो म्हणाला. "दोन शब्द आहेत. मी रोज उच्चारतो आणि समोरचा माणूस रोज खुर्चीचे हात धरतो. मोबदला काही नको. फक्त स्टेजवर खाली बारीक अक्षरात माझ्या भेटण्याच्या वेळा टाका."

वरच्या मजल्यावर एक निवृत्त भूगोलशिक्षिका राहत. त्यांना इमारतीत सगळे 'बाई' म्हणत आणि त्यांच्यासमोर अजूनही हात मागे बांधून उभे राहत. त्यांनी आपल्या चष्म्याच्या काचा पुसत सांगितलं, "माझ्या अनुभवानं सांगते, मुलं एकाच गोष्टीला घाबरतात. 'खंडांतर्गत जलवाहतूक'. सहावीचा धडा आहे. नुसतं फळ्यावर लिहिलं की शेवटच्या बाकावरचा एक तरी पोट दुखतं म्हणून घरी जायचा."

काकूंचं म्हणणं अगदी मोजकं होतं. "काहीही ठेवा, शेवटी 'मंडळ' नको. मंडळ म्हटलं की कार्यक्रम झाल्यावर मला खुर्च्या उचलाव्या लागतात."

आता छापखान्याचा एक कायदा आहे. मुद्रितशोधकानं समासात लाल शाईनं जे लिहिलं, ते मजकुरात जायचं. का, कशाला, असं अक्षरं जुळवणारा जुळारी विचारत नाही. समासात लाल अक्षर दिसलं की तो ते डोळे मिटून आत घेतो, आणि एकतीस वर्षांत काकांच्या लाल अक्षरावर शंका घ्यायचा प्रसंग कधी आलाच नव्हता. त्यामुळे बुधवारी सकाळी बागकामप्रेमी संघाच्या स्मरणिकेच्या पाचशे प्रती बांधून तयार झाल्या, तेव्हा गुलाबाच्या लेखाला 'रक्ताळलेला रुमाल' असं नाव होतं, खतांच्या तक्त्यात शेणखताच्या खाली 'गंजलेले जावई, कुंडीला दोन मुठी' असं होतं, आणि कार्यकारिणीच्या यादीत सहचिटणीस म्हणून मरणोत्तर मावशींची बिनविरोध निवड झाली होती.

संघाच्या अध्यक्षा स्मरणिका हातात धरून आल्या. सोबत त्यांच्या सहचिटणीसही होत्या, धडधाकट.

"या मरणोत्तर कशा काय?" अध्यक्षांनी विचारलं.

काकांनी पान पाहिलं. पहिली गोष्ट त्यांच्या मनात आली ती ही, की 'मरणोत्तर' शुद्ध छापलंय. दुसरी गोष्ट त्यांच्या मनात यायच्या आत कानांच्या पाळ्या तापल्या. मालकांनी त्यांना बाजूला घेतलं. मालक रागावले असते तर काकांनी सोसलं असतं, पण ते हळव्या आवाजात बोलले. "एकतीस वर्षांत तुमच्या हातून एक अनुस्वार सुटला नाही, आणि आज एकदम मावशी? तुम्हाला बरं नाही. सोमवारपर्यंत घरी राहा. झोपा."

अशा रीतीनं एका शुद्ध माणसाला चुकांपायी सक्तीची विश्रांती मिळाली. काका सकाळीच घरी चालत आले. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांवर त्या दिवशी किमान अकरा चुका होत्या, पण त्यांनी मान वर केली नाही. आपण कुठल्या तोंडानं करणार, असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर मात्र त्यांनी ठरवलं, की नाव सुचेपर्यंत निदान अर्ज तरी आपण बिनचूक भरू. मुलगी कामावर होती. अर्ज कोरा होता. काकांनी चष्मा पुसला आणि एकेक रकाना सुंदर अक्षरात भरत गेले. 'गटाचे नाव' हा रकाना त्यांनी मोकळा सोडला. पुढचा होता 'प्रकार'. हेवी मेटल असं लिहायला हात धजेना. सरकारी अर्ज आहे, तिथे शुद्ध मराठी हवं. काकांनी शब्दकोश काढला, दोनदा खात्री केली आणि लिहिलं, 'जड धातू'.

सभागृहाच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, मग काकांकडे पाहिलं, मग पुन्हा अर्ज वाचला.

"सभागृहात जड धातू आणणार?"

"हो. साधारण दोन तास."

"किती?"

"चार."

"चार काय? किलो?"

"माणसं," काका म्हणाले. "तशी एकेक साठेक किलोची असतील."

बाईंनी खालच्या कप्प्यातून एक जाड पुस्तिका काढली आणि त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. जड धातू हे विषारी पदार्थांच्या यादीत होते. सार्वजनिक वास्तूत ते आणायचे तर जलपरीक्षण कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागत होतं. "माझ्या हातात असतं तर मी सोडलं असतं हो," त्या म्हणाल्या, "पण पुढे कुणाला काही झालं तर?"

काकांनी खुलासा करायला हवा होता. पण पुस्तिकेत त्या पानावर 'विषारी' हा शब्द 'विशारी' असा छापलेला त्यांना दिसला, त्यांचं सगळं लक्ष तिकडे गेलं, आणि ते भानावर आले तोवर खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली होती.

जलपरीक्षण कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, दुपारचं ऊन सुस्त होतं आणि बस रमतगमत चालली होती. काकांचे डोळे मिटले. त्यांना दिसलं, की सगळं शहर स्टेजसमोर गोळा झालंय. स्टेजवर नाव नसलेला एक बँड उभा आहे आणि प्रत्येक जण हातातली चिठ्ठी वर करून नाव सुचवतोय. दंतवैद्य आहे, भूगोलाच्या बाई आहेत, अध्यक्षा कुंडी घेऊन आल्यात. 'खवळलेली खुंटी', 'उग्र उशी', 'कवटी आणि कुटुंबीय', 'विसर्गाचा सूड'. नावं पाखरांसारखी हवेत उडतायत आणि एकही स्टेजवर उतरत नाही. स्टेजवरची मुलगी वाट पाहतेय. तिच्या हातात चौपदरी घडी घातलेला कागद आहे. काका ओरडून तिला काहीतरी सांगायला गेले, आणि कंडक्टरनं खांद्याला हात लावून शेवटचा थांबा आल्याचं सांगितलं.

तिथला तपासनीस सडपातळ आणि अतिशय कर्तव्यदक्ष माणूस होता. त्यानं विचारलं, "जड धातू सध्या साठवलाय कुठे?"

"घरीच. मुलीच्या खोलीत."

तपासनिसानं पेन खाली ठेवलं. "राहत्या घरात? गळती वगैरे?"

"भिंतीतून येते," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "रोज सहा ते आठ. आता पुठ्ठे लावलेत, त्यानं थोडी कमी झाली."

"शेजाऱ्यांना काही त्रास? डोकेदुखी?"

"हो, पण बोलत नाहीत. भली माणसं आहेत."

तपासनीस दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन घरी हजर झाला. वेळ सहाची होती. मुलीच्या खोलीत चौघं जमली होती आणि नावावरून तिसरं भांडण सुरू व्हायच्या बेतात होतं. काकांनी दार उघडून "हे जड धातू बघायला आलेत" असं सांगितलं. ड्रमवाल्याला वाटलं, अखेर एक रसिक आला. त्यानं तपासनिसाला स्टुलावर बसवलं आणि चौघांनी भांडण विसरून एक अख्खं गाणं वाजवलं. गाणं संपल्यावर पेटीतल्या बाटल्या बराच वेळ किणकिणत होत्या.

तपासनीस उठून उभा राहिला. काय घडलंय हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण तो आठ मैलांवरून आला होता आणि रिकाम्या हातानं परत जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "नमुना घ्यावा लागेल," असं म्हणून त्यानं स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरलं, त्यात दोन थेंब टाकले, बाटली उजेडात धरली आणि जेवणाच्या टेबलावर बसून प्रमाणपत्र लिहायला घेतलं.

"एवढा एक रकाना तुम्ही भरा," त्यानं कागद काकांपुढे सरकवला. "आम्हाला अर्जदाराच्या अक्षरात लागतो."

रकाना असा होता: 'धातूपासून तयार झालेल्या पदार्थाचे नाम.'

दोन दिवसांचा थकवा, मावशींची नामुष्की, बसमधलं अर्धवट स्वप्न, सगळं काकांच्या पापण्यांवर येऊन बसलं होतं. त्यांच्या डोळ्यांनी त्या ओळीतले तीनच शब्द टिपले. धातूपासून, तयार, नाम. ते पुन्हा सातवीच्या वर्गात होते, समोर व्याकरणाची प्रश्नपत्रिका होती आणि हा प्रश्न एका गुणाचा होता. हात आपोआप चालला आणि त्यानं उत्तर लिहिलं, 'धातुसाधित'. तपासनिसानं त्यावर शिक्का मारला आणि पेटी उचलून निघून गेला.

मुलीनं प्रमाणपत्र उचललं. चारही डोकी त्यावर वाकली. मोठ्यानं वाचलं ड्रमवाल्यानं. "'धातुसाधित. वरील नमुन्याची तपासणी केली असता त्यात जड धातू आढळला नाही.'" त्याचा चेहरा पडला. "एवढं वाजवलं, आणि आढळला नाही?"

"धातुसाधित म्हणजे काय, बाबा?" मुलीनं विचारलं.

काकांना वाटलं, आता आपण बोलू नये. व्याकरण बोलूनच आपण इथवर आलो. "शाळेतलं आहे काहीतरी. चुकून लिहिलं. खोडून आणतो उद्या."

"नाही, सांगा ना."

तिनं खुर्ची ओढून घेतली आणि समोर बसली. काकांनी पाण्याचा एक घोट घेतला. "क्रियापदाचं जे मूळ असतं, त्याला व्याकरणात धातू म्हणतात. समज, 'ओरड' हा धातू. नुसता धातू वाक्यात एकटा उभा राहू शकत नाही. त्याच्यापासून शब्द घडवावे लागतात. ओरडणं, ओरडणारी, ओरडताना. असे जे शब्द होतात, त्यांना धातुसाधितं म्हणतात. म्हणजे धातूपासून झालेले."

"धातूपासून झालेले," ड्रमवाला सावकाश म्हणाला. "म्हणजे आपणच की."

मुलीनं तो शब्द आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला, मग घशातून, मग थेट पोटातून. टेबलावरची वाटी सरकली. खालून दंतवैद्याच्या एका पेशंटची किंकाळी ऐकू आली.

"दचकला," ड्रमवाला म्हणाला.

"बरं आहे," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "यात मंडळ नाही."

शुक्रवारी खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्र वाचलं आणि त्यांना नवाच पेच पडला. जड धातू आढळला नसेल, तर 'प्रकार' या रकान्यात जड धातू कसं चालेल? त्यांच्या यादीत 'सुगम' आणि 'शास्त्रीय' असे दोनच प्रकार उरले होते. त्यांनी नाव दोनदा उच्चारून पाहिलं, आदरानं मान हलवली आणि काकांना न विचारताच 'शास्त्रीय' या शब्दावर खूण केली.

त्यामुळे कार्यक्रमाच्या संध्याकाळी पहिल्या तीन रांगा शाली पांघरलेल्या, मांडीवर ताल धरायला बसलेल्या ज्येष्ठ रसिकांनी भरून गेल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या बाई मधोमध बसल्या होत्या. दंतवैद्य खिशात कार्डं भरून आला होता. बागकामप्रेमी संघही आला होता, कारण सहचिटणीसबाईंना स्मरणिकेपासून शहरात एकदम वेगळाच मान मिळू लागला होता आणि त्यांना तो आवडायला लागला होता. काका आणि काकू पाचव्या रांगेत बसले. पडदा सरकला.

मागे काळं कापड होतं, भिंतीएवढं. त्यावर पांढऱ्या, काटेरी, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: 'धातूसाधित'.

तू दीर्घ होता.

धातू हा शब्द एकटा असतो तेव्हा दीर्घ, समासात गेला की ऱ्हस्व. धातुकोश, धातुसाधित. याला अपवाद नाही. तो उकार चांगला हातभर लांबीचा होता आणि शेपटी हलवत सगळ्या सभागृहासमोर बसला होता. काकांनी शब्द प्रमाणपत्रावर शुद्ध लिहिला होता, पण ते खिडकीत जमा झालं होतं, कापडासाठी पुन्हा लिहून द्यायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मुलगी त्यांना लेखी काही दाखवत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा हात खिशात गेला. लाल पेन बाहेर आलं. टोपण निघालं. अजून दिवे पूर्ण मालवले नव्हते. मधल्या वाटेनं गेलं आणि ड्रमवाल्याच्या कानात सांगितलं, तर तो उकार निदान घडी घालून झाकता आला असता.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या. त्या पेनाकडे पाहत होत्या.

काकांना त्या सतरा दुरुस्त्या आठवल्या. ती चौपदरी घडी आठवली. ते जागेवरच बसून राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असेल, आणि त्यात काहीच करायचं नव्हतं.

दिवे गेले. मुलगी माइकपाशी आली. चष्म्याच्या दुकानातल्या त्याच हळुवार आवाजात ती म्हणाली, "नमस्कार. आम्ही." आणि मग तिनं नाव घेतलं. 'धा' साधा होता. 'तू' मात्र तिच्या टाचांपासून निघाला, वर चढत गेला, छताला लागला, तिथून वळून पहिल्या रांगेतल्या शालींवरून फिरला, आणि तरीही संपला नाही. ड्रम आला, गिटार आली, तरी तो चालूच होता. काका मनातल्या मनात मात्रा मोजत होते. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. बावीसपर्यंत मोजल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. डोळे मिटले. त्यांना वाटलं, आपण त्या उकारावर बसून कुठेतरी उंच तरंगतो आहोत, खाली शहर आहे, पाट्या आहेत, फलक आहेत, आणि इतक्या वरून त्यातली एकही चूक दिसत नाहीये. हा स्वर ऱ्हस्व असूच शकत नव्हता. ऱ्हस्वात एवढी जागाच नसते.

चौथं गाणं सुरू झालं आणि पहिल्या ओळीला काकांनी डोळे उघडले. हे तेच गाणं होतं. सतरा जागा त्यांना पाठ होत्या. एकही तिनं बदललेली नव्हती, आणि ऐकताना एकही चुकलेली वाटली नाही.

काकांनी खिशातून वही काढली. पेन उघडंच होतं. स्टेजच्या उजेडात, मांडीवर ठेवून, त्यांनी दहावी नोंद केली.

कार्यक्रम संपला तेव्हा ज्येष्ठ रसिक घसरलेल्या शाली सावरत होते. मग बाई उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं बाकीचेही उठले. मुलगी घामानं निथळत मधल्या वाटेनं आईबाबांकडे आली. काकांच्या हातात उघडं लाल पेन पाहून ती दोन पावलं अलीकडेच थांबली.

"किती?" तिनं विचारलं.

काकांनी वही तिच्यापुढे धरली. तिनं वाचलं. '१०. धातुसाधित: तु ऱ्हस्व. अपवाद, ओरडताना दीर्घ.'

"गाणं छान होतं," काका म्हणाले. "म्हणजे आत्ता होतंच. पण दोन वर्षांपूर्वी पण होतं."

मुलीनं त्यांच्या हातातून पेन घेतलं, वही आपल्या तळहातावर ठेवली आणि दहाव्या नोंदीखाली तिरक्या अक्षरात सही करावी तसं लिहिलं, 'मंजुर'. मग ती ड्रम उचलायला मदत करायला धावली.

काकांनी तो ऱ्हस्व जु पाहिला. बराच वेळ पाहिला. मग पेनाला टोपण लावलं, वही खिशात ठेवली आणि काकूंबरोबर खुर्च्या उचलायला गेले.